भिंतीकडे तोंड करून भरलेला डोळा

विहीणबाई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर संशय घेतेच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं. तुमच्या दहाव्याला म्हसवडच्या अंगणात बायका बसल्या होत्या आणि एकीपेक्षा एक तुमचं कौतुक सांगत होत्या. हौसाबाईंचा हात लागला की वाळकं लाकूडसुद्धा फुटायचं, म्हणे. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, हो, पण त्या हाताची खुबी बाईंनी कुणाला सांगितली का? मला तर नाही सांगितली. तीन वर्षं माझ्याच अंगणात बसून मला शिकवलंत, पण हातचं राखून शिकवलंत.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता. तीस वर्षं मी सांगलीत गणित शिकवलं आणि परीक्षेच्या वर्गांवर पहारे केले. एखादं पोरगं नुसतं खोकलं तरी मी त्याची बाही तपासायची. आणि बहुतेक वेळा चिठ्ठी सापडायचीच, म्हणून तर ही खोड सुटली नाही. आमचे हे म्हणतात, तू देवळात गेलीस तरी आधी पुजाऱ्याचे हात बघतेस. बघते! त्यात काय चुकलं?

त्यात माझ्या एकुलत्या एका मुलीनं, रोहिणीनं, तुमच्या जयवंतशी लग्न केलं. शेतकीच्या कॉलेजात दोघांचं जमलं. विश्रामबागेत वाढलेली पोर, सकाळी गरम पाण्याशिवाय अंघोळ नाही, ती निघाली माणातल्या माळावर रोपवाटिका काढायला. तुमच्या सासरची माणसं वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरणारी, तुम्ही शाळेची पायरी न चढलेल्या. मी ह्यांना म्हणाले, महिन्याभरात बॅग घेऊन परत येते की नाही बघा. ती काही आली नाही. फोन मात्र रोज यायचा, आणि त्यात "आत्या असं म्हणाल्या", "आत्यांनी असं करून दाखवलं". तिकडे सासूला आत्या म्हणतात हे कळायलाच मला चार दिवस लागले. आमच्या वेळी सासूची तक्रार सांगायला मुली माहेरी फोन करायच्या. ही कौतुक सांगायची! मला खरं सांगू? फार झोंबायचं.

मग तुमचं ते साखरेचं आणि मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीसाठी सांगलीला खेप, आणि मुक्काम आमच्याकडे. तुम्ही दोन दिवस राहायच्या. कमी बोलायच्या आणि सगळं बघायच्या. तुम्ही परत गेलात की मी आपली रोहिणीच्या फोनची वाट बघत बसायची. मला खात्री होती की तुम्ही इकडचं सगळं तिकडे नेऊन सांगता. भाजीत मीठ जास्त झालेलं, मी ह्यांच्यावर केलेली चिडचिड, कपाटावर साठलेली धूळ. रोहिणी काही बोलली नाही की मला वाटायचं, ही सासूला सांभाळून घेतेय.

अशाच एका उन्हाळ्यातल्या खेपेला तुम्ही चहाचा कप घेऊन अंगणात उभ्या होता. कंपाउंडच्या भिंतीलगत आपोआप उगवलेलं रानबोर होतं. ते तुमच्या नजरेत भरलं.

"बाई, ह्ये उगं वाढवलंय. काट्याबिगर काय देतंय का ह्ये? छाटून टाका आनि पावसाळ्यात डोळा भरा की."

"कुणी? मी?"

"मग काय मी रोज येऊ व्हय म्हसवडास्नं? भाजी चिरताय न्हवं? मग चाकू धराय येतोयच की."

तुम्ही हसून म्हणालात. मला तो टोमणा वाटला. पण त्याच क्षणी मी ठरवलं, हे शिकायचंच. माझ्या हातानं भरलेला एक तरी डोळा जगला पाहिजे आणि तो रोहिणीला दाखवला पाहिजे. तिच्या आईच्या हातालाही पालवी फुटते, एवढं तिला कळलं की बास. बाकी बोरं लागोत न लागोत, मला त्याचं काही नव्हतं.

पावसाळ्यात छाटलेल्या बोराला तरतरीत नवे फुटवे आले. तुम्ही येताना ओल्या फडक्यात गुंडाळून चांगल्या बोराच्या काड्या आणल्या होत्या. पायरीवर बसून तुम्ही दाखवत गेलात. पानाच्या बगलेत जो बारीक कोंब असतो तो डोळा. तो सालीसकट नखाएवढा अलगद सोडवायचा. रानटी फुटव्याच्या सालीवर आडवी-उभी चीर द्यायची, चाकूच्या पाठीनं साल थोडी उचलायची, डोळा आत सरकवायचा, आणि दुधाच्या पिशवीची कापलेली पट्टी गुंडाळून टाकायची, फक्त कोंबाचं टोक उघडं ठेवून. ऐकायला सोपं. पण डोळा काढला रे काढला, तुम्ही माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलंत. पदर पुढं ओढलात. तशाच बसून चीर दिलीत, बाजूनं दिसले ते ओठ घट्ट मिटलेले, आणि वळलात तेव्हा बघते तर डोळा चिरेत बसलेला.

"काय करताय?" मी मध्येच विचारलं होतं.

"हूं."

"हूं काय? पाठ का केलीत?"

तुम्ही पट्टी बांधून पूर्ण केली आणि मग म्हणालात, "ऊन लागतंय वो डोळ्याला."

आभाळ गच्च भरलेलं होतं, विहीणबाई! पाणी कुठंतरी मुरतंय हे मला तिथंच कळलं. मंत्र म्हणता की काय, काही पाला चोळता की काय, हे शोधायचं मी मनावर घेतलं. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी तुमची पिशवी उघडली. हो, उघडली. आत कलमाचा चाकू होता, पट्ट्यांची गुंडाळी, मिशेरीची डबी, गोळ्यांचं पाकीट आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. सगळं होतं तसं ठेवलं. संध्याकाळी जेवायला बसताना तुम्ही ह्यांच्यादेखत म्हणालात, "बाई, माज्या पिशवीत काय गावलं न्हाई न्हवं?" ह्यांना वाटलं, तुम्ही काहीतरी हरवलेलं विचारताय. मी ह्यांच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली.

त्या वर्षी तुम्ही एक डोळा भरलात आणि मी तीन. मी माझं काम स्वच्छ केलं. डोळ्याची आतली बाजू बुळबुळीत लागत होती, म्हणून प्रत्येक डोळा धुतला, कापसानं टिपून कोरडा केला आणि मग बसवला. तुम्ही म्हणाला होता, "पुसू नगा बाई. त्यो चीक म्हंजी त्येचा जीव हाय." मी म्हटलं, असं होय? सगळ्या जगाला हात धुवायला सांगतात आणि ह्या मला सांगतात, चिकट तसंच राहू द्या. म्हणजे माझा डोळा सडावा आणि यांचा जगावा. मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले, चौघांचं चार तऱ्हेचं. मी आपली पुसत राहिले. पंधरा दिवसांत माझे तिन्ही डोळे काळे पडले आणि तुमचा हिरवागार फुटला.

मग काय विचारता! शेजारच्या सुलभाताई बघून गेल्या, "विहिणीचा हात म्हणजे हात हो." रोहिणीला व्हिडिओवर दाखवलं, तर ती टाळ्या वाजवायला लागली. "आत्यांचा डोळा बघ कसा फुटलाय! आणि आई, तुझे?" मी म्हटलं, बघू, अजून वेळ आहे.

महिन्याभरात तुमची ती फांदी मोडली. वाऱ्यानं. मी रोहिणीला फोन करून लगेच कळवलं. त्यानंतर तुम्ही पुढच्या खेपेला आलात तेव्हा थेट अंगणात गेलात, राहिलेल्या खोडक्यावरून अंगठा फिरवलात आणि एवढंच म्हणालात, "सांगलीचं वारं लय धारदार हाय, बाई." मी आत जाऊन भांडी आपटली. आपल्याच घरात आपल्यावर संशय!

दुसऱ्या वर्षी तुम्ही चाकूला हातच लावला नाही. "तुमी करा, मी बगते." मी चार डोळे भरले, चारही गेले. मी मनात म्हटलं, बघा, बाई नुसत्या बसल्या तरी माझं बिघडतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी वर्गात शंभरदा म्हटलेलं, पण ते दुसऱ्यांना.

तिसऱ्या वर्षी मी दोनच डोळे भरले, दोन फुटव्यांवर. तुम्ही पायरीवर बसून बघितलंत. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तुम्ही सकाळच्या गाडीनं निघून गेला होता. अंगण झाडलेलं, बादली भरलेली. आणि तीन आठवड्यांनी, काय सांगू, त्यातल्या एका डोळ्यातून तांबूस हिरवा कोंब बाहेर आला! मी ह्यांना अंघोळीतून बाहेर बोलावलं. सुलभाताईंना हाका मारल्या. रोहिणीला व्हिडिओवर दाखवलं. "आई, तू केलंस!" म्हणाली ती. तो दिवस माझ्या लेखी तिच्या बारशाच्या तोडीचा होता. तुम्ही मागून फोनवर आलात, "आता हात बसला बगा बाई तुमचा." मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, "शेवटी माझं मीच शिकले हो." तुम्ही म्हणालात, "व्हय की. शिकवून कुटं येतंय त्ये." पुढच्या हिवाळ्यात बोरं लागली, तुम्हाला डबाभर पाठवली, सगळ्या कॉलनीला वाटली. "घरचं झाड, मीच डोळा भरला," असं प्रत्येक दारात सांगून वाटली.

तुमच्या दहाव्यानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रोहिणीला शोधत रोपवाटिकेकडे गेले. म्हटलं, दुखवट्यात पोर कुठं गेली? तर ती रोपांच्या रांगेत बसून डोळे भरत होती. फुटवे तयार झालेले, काड्या कापून आणलेल्या, तुम्हीच म्हणे जाण्याआधी बजावून ठेवलं होतं, माझ्यापायी काड्या वाळवू नका. मी जवळ गेले. तिनं एक डोळा सोडवला आणि सरळ तोंडात टाकला. गालात धरला. मग दोन्ही हात मोकळे करून सावकाश चीर दिली, साल उचलली, डोळा तोंडातून काढला तसाच ओला आत सरकवला आणि पट्टी गुंडाळली.

"अगं, हे काय करतेस?"

ती लगेच बोलली नाही, कारण तोवर दुसरा डोळा तोंडात गेला होता. "हूं," म्हणाली. तो बसवला, मग म्हणाली, "आत्यांची पद्धत. माणात वारं इतकं कोरडं की चीर देईपर्यंत डोळा सुकतो. तोंडात धरला की ओलाही राहतो आणि हातही मोकळे. तुला दाखवलं नाही त्यांनी?"

"मला? माझ्याकडे तर पाठ करून बसल्या होत्या."

रोहिणीनं हातातली काडी खाली ठेवली. "मी एकदा विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, 'तुज्या आईम्होरं न्हाई करत मी. त्येस्नी उष्टं चालत न्हाई. झाडाला माजं तोंड लागलंय म्हटल्यावर बोर खातील व्हय त्या?'"

"त्यांना कुणी सांगितलं, मला उष्टं चालत नाही म्हणून?"

"काय माहीत. तूच कधी बोलली असशील."

मी बोलले नव्हते, विहीणबाई. मी केलं होतं. लग्नाची बोलणी करायला तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आला होता, तेव्हा मदत करायला स्वयंपाकघरात आलात. मी तुमच्यासमोर काकड्या ठेवल्या. तुम्ही एकेका काकडीचं टोक दातानं तोडून बघितलंत, कडू नाही ना म्हणून, आणि उरलेली वाडग्यात चिरलीत. आमच्या घरी सुरीनं तुकडा काढून चाखतात. मी वाईची, उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत आमच्या घरात भलतंच कडक. तुम्ही बाहेर गेलात तशी मी ती सगळी कोशिंबीर खरकट्याच्या बादलीत ओतली आणि दुसरी केली. पानं वाढताना तुमची नजर एकदा बादलीकडे गेली होती. मला वाटलं, तुम्हाला काय कळतंय! तुम्ही तीच दुसरी कोशिंबीर मागून घेतलीत, "ग्वाड झालीया" म्हणालात. मी हे साफ विसरून गेले होते. तुम्ही नव्हता विसरल्या. रोहिणी लहान असताना तिच्या ताटातलं मी किती चिवडलेलं खाल्लं असेल, त्याला कधी उष्टं म्हटलं नाही. ते फक्त तुमच्या वाट्याला आलं.

म्हणजे जी चोरी पकडायला मी तीन वर्षं टपून बसले, ती मीच तुम्हाला करायला लावली होती. मिटलेल्या तोंडानं तुम्ही उत्तर तरी काय देणार होता? आणि जे सांगण्यासारखं होतं, पुसू नका म्हणून, ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच ते खोटं धरलं.

त्या रांगेत रोहिणीशेजारी मी खाली बसले. तिनं नुकत्याच बांधलेल्या पट्टीकडे माझं लक्ष गेलं. शेवटाला गाठ नव्हती. पट्टीचं टोक शेवटच्या वेढ्याखाली खुपसलेलं.

"गाठ नाही मारत?"

"आत्या कधीच मारायच्या नाहीत. सोडताना कोंबाला झटका बसतो म्हणायच्या."

मी त्या टोकावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. कारण मी गाठ मारते. पार्सलला मारतात तशी, दोनदा. तिसऱ्या वर्षी माझा डोळा जगला तेव्हा मी त्याची पट्टी सोडली होती, आणि तिला गाठ नव्हती. मी तेव्हा ते बघितलं होतं, विहीणबाई. अक्षरावरून कॉपी ओळखणारी बाई मी, मला ते दिसलं होतं. शेजारच्या मेलेल्या डोळ्यावर माझ्या दोन गाठी तशाच होत्या. पण ह्या खेपेला संशय माझ्या फायद्याच्या आड येत होता, म्हणून मी तो घेतला नाही. त्या सकाळी अंगण झाडायच्या आधी तुम्ही काय केलंत ते आता मला समोर बसून बघितल्यासारखं कळतं. एकट्या होता, पाठ फिरवायचीही गरज नव्हती.

मी रडले. रोहिणीला वाटलं तुमच्यासाठी. तुमच्यासाठीच, पण ती समजली तसं नाही. आणि लाज वाटते सांगायला, रडतानाही एक शंका आलीच. मी कॉलनीभर मिरवत होते तेव्हा तुम्ही म्हसवडला बसून मनात हसत होता का? जयवंतला, रोहिणीला सांगून तिघं मिळून हसला असाल का? तुम्हाला तो हक्क होता. पण मला कळायला हवं होतं.

म्हणून मी रोहिणीला सगळं सांगितलं. कोशिंबीर सांगितली. गाठ सांगितली. "तो डोळा माझा नव्हे. तुझ्या आत्यांचा."  तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही तिला बादलीबद्दल बोलला नव्हता, पिशवीबद्दल नाही, डोळ्याबद्दल नाही. उलट म्हणे चारचौघांत सांगायच्या, सुनंच्या आईचा हात बसलाय, मास्तरीण हाय पर चिकाटी लय. इकडचं तिकडे तुम्ही एवढंच नेत होता.

मग राहिलेलं एक होतं तेही मी बोलून टाकलं. पोरीचा चेहरा बघितला असता तर धीर झाला नसता, म्हणून रोपांकडे बघत बोलले.

"रोहिणी, पहिल्या वर्षीची त्यांची फांदी वाऱ्यानं मोडली नव्हती. तू टाळ्या वाजवल्यास ना, ते मला सहन झालं नाही. मी कात्रीनं कापली."

तिनं चाकू मिटला. मला वाटलं, आता उठून जाईल. मग ती हळूच म्हणाली, "पण आई, तुझा फोन आला तेव्हा मला शंका आली होती. मी तेव्हा प्रशिक्षणाला बाहेरगावी होते. परत आल्यावर आत्यांना म्हटलंही, आईनंच तोडली असणार. तर त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, 'आईवर आसला सौंशय घेतीस व्हय गं? म्या सोता तितं हुते. माज्या डोळ्यांम्होरं मोडली ती. वारं लय सुटलं हुतं.'"

विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही सांगलीत नव्हता.